खुर्च्यांचं यंत्र

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण ज्या माणसाचं आहे तिचं नाव यशोदा. ती माझी थोरली वहिनी, दादाची बायको. पुढे मला शिकवणारे, मार्गदर्शन करणारे, माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेणारे पुष्कळ भेटले. निवृत्तीच्या सत्कारात मी त्यांची नावं घ्यावीत अशी त्यांची अपेक्षाही होती, आणि काही जण त्यासाठी पहिल्या रांगेत येऊन बसले होते. मी त्यांची नावं घेतली नाहीत. वहिनीचं घेतलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजारच्याला विचारलं, "या बाई कोणत्या विषयाच्या?" ते मला माईकपाशी उभ्या उभ्या ऐकू आलं. तिचा विषय काय होता ते या प्रकरणात सांगतो.

अकोल्यात आमचं घर एका जिनाच्या भिंतीला लागून होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. दिवाळीनंतर तो सुरू झाला की होळीपर्यंत आमच्या घराला स्वतःचा आवाज नसे. भिंत धडधडत राही, मडक्यातलं पाणी थरथरत राही, आणि पोरं आपोआप ओरडूनच बोलायला शिकत. रुईचे तंतू सगळीकडे. पिठात, माठाच्या झाकणावर, बाबांच्या भुवयांवर. जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कधी नुसत्या कण्या आणि वर लाल ठेचा. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी वहिनीने कोनाड्यातले देव उतरवले आणि रिकाम्या कोनाड्यात माझी शाळेची पुस्तकं लावली. आईने तक्रार केली तर म्हणाली, "अथी आता काहीतरी कामाचं असू द्या." वहिनी स्वतः चौथी शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा मी लहान होतो, म्हणून ती मला शेवटपर्यंत 'बाबू'च म्हणत राहिली.

मी मॅट्रिक झालो तेव्हा बाबांनी मुकादमाला सांगून जिनात माझी जागा ठरवून टाकली होती. घरात तेवढ्या एका मजुरीची गरज होती, त्यावर वाद नव्हता. वाद वहिनीने काढला. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी चुलीकडे तोंड करून बोलली, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या चुलीशी बोलली. "जिनाले मानूस पाह्यजे का बाबूच पाह्यजे? मानूस पाह्यजे असन तं मी जातो. बाबूले जाऊ द्या अमरावतीले." बाबांनी आधी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "लोक काय म्हनतीन?" वहिनी म्हणाली, "लोकाईले म्हनून राहू द्या. भिंतीच्या आवाजात कोनाले ऐकू येते?" त्या दिवाळीपासून ती माझ्या जागेवर जिनात जाऊ लागली. कापसाच्या ढिगातून कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पाला वेचायचा, मग यंत्राच्या तोंडाशी कापूस घालायचा. मी अमरावतीला गेलो, आणि पुढची सगळी वर्षं बी.एस्सी., एम.एस्सी. अशी जी अक्षरं माझ्या नावामागे लागत गेली ती तिच्या त्या जागेवर उभी होती. मला नोकरी लागली की ती जिन सोडणार, हे आमच्यात कधी बोललं गेलं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

आता नानासाहेबांकडे येतो. ते आमच्या गणित विभागाचे प्रमुख. ते विलायतेला सहा महिने जाऊन आले होते आणि पुढची कितीतरी वर्षं तिथून परतलेच नव्हते. तिथे त्यांनी काचेआडून एक संगणक पाहिला होता. काचेआडून, हा शब्द त्यांच्या व्याख्यानात नसे, तो मला त्यांच्या पुतण्याने, विश्वासने सांगितला. तिथल्या लोकांनी एक नवी युक्ती काढली होती. एखाद्या भाषेचे नियम काटेकोर लिहून यंत्राला द्यायचे, म्हणजे यंत्र स्वतःच त्या भाषेतली वाक्यं ओळखणारी आज्ञावली तयार करतं. माणसाने फक्त नियम लिहायचे. नानासाहेबांना त्यातला 'फक्त' एवढा शब्द आवडला. मुंबईला एका संस्थेत तसं यंत्र आलं होतं. तलाठ्यांकडून येणारे पिकांचे अहवाल त्या यंत्राने वाचावेत, त्यासाठी अहवालांच्या भाषेचे नियम अमरावतीत लिहावेत, अशी योजना त्यांनी मंजूर करून आणली. तिची समिती झाली. समितीला कपबश्या आल्या. मग मला बिनपगारी साहाय्यक म्हणून घेतलं, कारण नियम कोणीतरी लिहायला हवे होते.

खरं सांगतो, ते काम मला फार आवडलं. अहवाल म्हणजे काय? एकामागून एक वाक्यं. वाक्य म्हणजे काय? आधी पीक, मग पिकाची दशा, मग पूर्णविराम. पीक म्हणजे काय? कपाशी किंवा तूर किंवा ज्वारी. मोठी गोष्ट लहान गोष्टींत सोडवत जायची, त्या आणखी लहान गोष्टींत, आणि शेवटी असा शब्द हाती यावा की त्याच्याखाली सोडवायला काही उरू नये. दर ओळीला डावीकडे नाव, मध्ये बाण, उजवीकडे त्याची फोड. एवढ्या थोड्या ओळींत अख्ख्या वऱ्हाडाची शेती बसू शकते हे पाहून मला वसतिगृहाच्या खाटेवर पडल्या पडल्या हसू येई. एकदा मी असा नियम लिहिला की त्यातून 'तूर तूर तूर तूर' असं संपूर्ण पान शुद्ध ठरत होतं. तो खोडताना मला जो आनंद झाला तो पदवी घेताना झाला नाही.

समितीला मात्र नियमांपेक्षा प्रतिष्ठेची काळजी. तलाठी लिहीत, 'कपाशी वाळून राहिली', म्हणजे वाळते आहे. नानासाहेब म्हणाले, "राहिली? कुठे राहिली? ही भाषा यंत्रापुढे न्यायची?" मी म्हणालो, "सर, सगळे तलाठी असंच लिहितात." ते म्हणाले, "मग तलाठ्यांनी सुधारावं." म्हणजे ज्यांचे अहवाल वाचायला यंत्र, त्यांचेच अहवाल यंत्राबाहेर. उलट प्रत्येक अहवालाच्या शेवटी 'साहेबांची कृपा असावी' असं लिहिलेलं असे. त्यात पीक नव्हतं, दशाही नव्हती. ते गाळावं असं मी सुचवलं, तर समितीने दोन बैठका घेऊन 'आदरवाक्य' नावाचा स्वतंत्र नियम केला. माझी खात्री आहे की जगात दुसऱ्या कुठल्याही संगणकाला कोणी कृपा ओळखायला शिकवलं नसेल.

अमरावतीत यंत्र नव्हतं, म्हणून नियम तपासायला आम्ही माणसांचं यंत्र केलं. कल्पना नानासाहेबांची, आणि चांगली होती, हे कबूल करतो. हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या. प्रत्येक खुर्चीवर एक माणूस, प्रत्येक माणसाकडे एकच नियम. अहवालाची कागदी पट्टी पहिल्या खुर्चीला द्यायची. त्या माणसाने आपला नियम वाचायचा आणि त्यात ज्या भागाचं नाव आधी असेल त्या भागाच्या माणसाकडे पट्टी पाठवायची. त्याने आपलं काम करून परत पाठवायची. पट्ट्या इकडून तिकडे नेणारा मी. पण खुर्च्या मांडताना कामाचा क्रम कोणी पाहिला नाही, ज्येष्ठतेचा पाहिला. सर्वांत वरचा नियम 'अहवाल', तो नानासाहेबांकडे. 'वाक्य' उपप्रमुखांकडे. हेडक्लार्क वाघमोडे यांना 'पीक' दिलं, तर ते आठ दिवस रुसले, कारण 'दशा' त्यांच्याहून कनिष्ठ माणसाकडे होती आणि दशा हा शब्द त्यांना भारदस्त वाटत होता. विश्वासकडे पूर्णविराम. ठिपका दिसला की 'हो' म्हणायचं, एवढंच काम. तेवढ्यातही त्याचा डोळा लागे.

नानासाहेबांनी आपला नियम स्वतः लिहिला होता. 'अहवाल म्हणजे अहवाल आणि त्यामागे वाक्य. किंवा नुसतं वाक्य.' मी तो वाचला आणि त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "सर, हा उलटा लिहायला हवा. आधी वाक्य, मागे उरलेला अहवाल. नाहीतर अहवाल ओळखायला आधी अहवालच ओळखावा लागेल. सुरुवातच होणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "देविदास, प्रमुख पद मागे ढकलायचं? वरातीत नवरदेवाला बैलगाडीच्या मागे चालवतोस का?" समिती हसली. वाघमोडे जरा जास्तच हसले. मग म्हणाले, "अरे, रोज तर चालून राहिलं यंत्र बरोबर!"

ते खरं होतं. यंत्र रोज बरोबर चालत होतं, आणि तीच गंमत होती. नानासाहेब पट्टी हातात घेत, 'कपाशी फुलोऱ्यावर. तूर शेंगेवर.' असं मोठ्याने वाचत, मान डोलवत, म्हणत, "हां, अहवालच आहे हा," आणि पट्टी उपप्रमुखांकडे देत. नियम पाळत कोणीच नव्हतं. सगळे वऱ्हाडातले, सगळ्यांना कपाशी कळत होती. वाचून समजायचं आणि पुढे सरकवायचं. नियमाच्या जागी कोरा कागद दिला असता तरी चाललं असतं. आजही मी पुष्कळ कचेऱ्यांत हेच पाहतो. नियम भिंतीवर असतो, काम ओळखीवर चालतं, आणि लोकांना वाटतं नियम फार चांगला आहे.

मग मुंबईहून संस्थेचे साहेब पाहणीला आले. उंच, कमी बोलणारे, आणि चहा नको म्हणाल्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच अप्रिय झालेले. त्यांच्याकडे दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची एक जागा होती, पगारी. ती आमच्यातल्या एकाला मिळणार होती. पगाराचा आकडा मी ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मुंबई आली नाही, वहिनी जिनाच्या दारातून बाहेर पडताना दिसली.

साहेबांनी आमची पट्टी पाहिली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "यंत्राला कपाशी माहीत नसते." त्यांनी खिशातून आपल्या पट्ट्या काढल्या. त्यांवर नुसते आकडे होते. पिकांचे आकडे एकाने सुरू होणारे, दशांचे दोनाने, पूर्णविरामाला शून्य. "कोणता आकडा कुठल्या पिकाचा ते मी सांगणार नाही. तुम्ही फक्त आपापला नियम पाळा." त्यांनी पट्टी नानासाहेबांच्या हातात दिली.

नानासाहेबांनी पट्टी पाहिली. मान डोलवायला काही सापडेना. त्यांनी नियमाचं कार्ड वाचलं. साहेबांनी विचारलं, "तुमच्या नियमात आधी काय आहे?"

"अहवाल."

"मग अहवालाच्या माणसाकडे द्या."

नानासाहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग पट्टी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"आता?" साहेब म्हणाले.

"आता... नियम पाहायचा."

"पाहा. आधी काय आहे?"

"अहवाल."

पट्टी डाव्या हातातून उजव्या हातात आली. साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचं यंत्र असंच बसून राहील. वीज जाईपर्यंत." विश्वास जागा झाला आणि सवयीने "हो" म्हणाला.

"पट्टी चुकीची आहे," नानासाहेब म्हणाले.

"हा नियम कोणी लिहिला?"

"नियम लिहिण्याचं काम," नानासाहेब अगदी सहज म्हणाले, "देविदासकडे आहे."

खोटं नव्हतं ते. माझ्याकडेच होतं ते काम. अशी वाक्यं करण्यात आमचे लोक फार तरबेज. मी फळ्याकडे गेलो, नियम उलटा लिहिला, आणि नानासाहेबांना म्हणालो, "सर, पट्टी उपप्रमुखांकडे द्या." त्यांनी दिली. पट्टी निघाली. वाक्याकडून पिकाकडे आणि परत, दशेकडे आणि परत, ठिपक्याकडे आणि परत. मग उरलेला तुकडा परत पहिल्या खुर्चीकडे, परत पुढे. काय वाचतोय हे एकालाही कळत नव्हतं, आणि यंत्र पहिल्यांदा खरोखर चालत होतं. साहेबांनी मुद्दाम बिघडवलेली पट्टी दिली, तीही वाघमोड्यांच्या खुर्चीवर बरोबर अडकली. साहेबांनी मला बाहेर गाठलं. "तुमचं काम मला दिसलं. पण माझ्या कचेरीला प्रमुखांची शिफारस लागते. ती आणा." माणूस हुशार होता. सगळं समजला होता, आणि समजून शिफारस मात्र नानासाहेबांकडचीच मागत होता.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी मला घरी बोलावलं. बाहेरच्या ओट्यावर बसवलं. आत बोलावण्याइतकं ते विलायतेत शिकले नव्हते. म्हणाले, "शिफारस देतो. का नाही देणार? तू मला मुलासारखा. फक्त एक निवेदन लिहून दे. पहिला नियम नजरचुकीने तू लिहिलास, आणि माझ्या मार्गदर्शनाखाली दुरुस्त केलास. दोन ओळी. तुझं काय जातं?"

मी शनिवारी अकोल्याला गेलो. वहिनी नुकतीच जिनातून आली होती. केसांत, पदरावर रुई, आणि बसल्या बसल्या लगेच परातीत पीठ. मी सगळं सांगितलं. यंत्राचं तिला कळेना.

"म्हंजे त्यानं लिवलं तरी काय?"

"अहवाल करायचा तर आधी अहवाल पाहिजे, असं."

तिचा हात थांबला. "म्हंजे भाकर कराले आंधी भाकर पाह्यजे?"

"तसंच."

"अन् हे सांगाले तो विलायतेले गेलता?" ती इतकी हसली की खोकला आला. खोकला बराच वेळ चालला. मी पाणी दिलं. मग म्हणालो, "वहिनी, दोन ओळी लिहून दिल्या की मुंबई मिळते. तुझं जिन सुटते. मी देऊन टाकतो."

तिने भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माह्या जिनाचं नाव मधात नको आनू बाबू. मी काय म्हातारी झाली? अजून कितीक वर्सं काढीन. पन तुले शिकाले धाडलं ते कोन्या साह्यबाचं झाकाले नाई धाडलं. झाकाचंच होतं तं अथीच राह्यला असता. मुकादमाचं झाकाले लय मानसं लागतात."

"मुंबई जाईल."

"जाईन तं जाईन. मुंबई काय तुह्या बापाची व्हती?" आणि मग जरा मऊ आवाजात, "जेव. भाकर निबर होऊन राहिली."

मी निवेदन दिलं नाही. त्यावर नानासाहेब एवढंच म्हणाले, की पहिल्या पिढीत हे असं व्हायचंच, नम्रता यायला वेळ लागतो. मुंबईला विश्वास गेला, ज्याला ठिपका ओळखता येत होता. नियमांचं बाड समितीच्या नावाने छापलं गेलं, माझा उलटा नियम पहिल्या पानावर आणि आदरवाक्य शेवटच्या. आता माझा नातू हेच काम तासाभरात करतो. तशी चूक केली तर त्याचा संगणक एका ओळीत त्याला सांगतो, आणि नातू निमूटपणे ऐकतो. नियम लिहिणारा काचेआडून आला की ओट्यावरून, याची चौकशी त्या यंत्राने अजून एकदाही केलेली नाही.

निवेदन नाकारलं त्याच आठवड्यात मी वहिनीला पत्र लिहिलं. तिला स्वतः वाचता यावं म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरांत. ते तिने जपून ठेवलं होतं. तिच्या मागे ते माझ्याकडे आलं. जसंच्या तसं देतो.

*ती. वहिनीस देविदासचा सप्रेम जयभीम.*

*मी सही केली नाही. मुंबई गेली. तू म्हणालीस ती आपल्या बाबांची नव्हतीच, त्यामुळे फार वाईट वाटून घेतलं नाही. एक दिवस वाटलं, मग भूक लागली.*

*नानासाहेबांना नमस्कार करून आलो. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. त्यांच्याकडे आशीर्वाद मिळायला आधी आशीर्वाद लागत असेल.*

*तिवशाच्या शाळेत गणिताच्या मास्तरची जागा होती. हेडमास्तरांनी मला फळ्यावर एक उदाहरण सोडवायला लावलं, कोणाची चिठ्ठी मागितली नाही. सोमवारी रुजू होतो. पगार मुंबईएवढा नाही. पण जिनातल्या मजुरीहून जास्त आहे, ते मी आधी विचारून घेतलं.*

*दादाला सांग, डॉक्टरकडे तुला या रविवारी मी नेणार आहे, नंतर नाही. बाबांना वाचून दाखव, आणि चुलीकडे तोंड करून वाचू नको.*

*जिनातली ती जागा माझी होती, वहिनी. मुकादमाला सांग, जिची नव्हती ती जागा सोडून चालली, आणि ज्याची होती तो येणार नाही.*

*तुझा,*
*बाबू*